पावणेतीनशे, सव्वातीनशे की थेट चारशे?

ताई, मी ३४ वर्षांची. उंची ५ फूट २ इंच, वजन ५१ किलो, रोज सकाळी पाच-सहा किलोमीटर पळते. मुलीला दीड वर्ष अंगावर पाजलं आणि त्यानंतर छाती रिकामी झाली. ओघळलेली नाही म्हणतात डॉक्टर, फक्त रिकामी. दोन वर्षं विचार करून इम्प्लांट बसवून छाती भरायचं ऑपरेशन ठरवलंय, तारीखही मिळालीय, साडेतीन आठवडे उरलेत. अडलंय ते आकड्यावर. डॉक्टरबाईंनी मापं घेतली. स्तनाची रुंदी ११.५ सेंटीमीटर आहे, इम्प्लांट २७५ ते ३२५ सीसीच्या मध्ये बसेल, त्यापुढे मी जाणार नाही, असं त्या म्हणाल्या. मला ‘फुल सी’ कप हवाय असं सांगितलं, तर म्हणाल्या, कपाचं वचन मी कुणालाच देत नाही. माझ्या मैत्रिणीचं हेच ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालं. ती सांगते, नंतर सगळ्यांनाच वाटतं की अजून मोठं घ्यायला हवं होतं, तू सरळ ४०० घे. दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणाले, तुम्ही म्हणाल तो आकडा घालू. नवरा म्हणतो, तुला हवं ते कर, आणि लगेच विचारतो, ‘पण लोकांच्या लक्षात येईल का?’ रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी दुसऱ्या बायकांचे आधीचे-नंतरचे फोटो बघत बसते. एकीचे ३०० अगदी मला हवे तसे, दुसरीचे ३०० काहीच नाहीत. डोकं फिरायची वेळ आलीय. एक आकडा सांगा. आणि हो, मला अगं-तुगं केलंत तरी चालेल. ता. क. : नव्या ब्रा आधीच घेऊन ठेवू का?
– सीसीत अडकलेली

अगं,

आधी एक गोष्ट निकालात काढते, म्हणजे आज रात्री तरी तू वेळेवर झोपशील. ४०० डोक्यातून काढून टाक. राहिले २७५ ते ३२५. त्यातलं काहीही निघालं तरी तुझं बिघडणार नाही. का ते सांगते, आणि त्यातल्या त्यात कुठे झुकायचं तेही सांगते.

मी डॉक्टर नाही. प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत सिस्टर म्हणून चौदा वर्षं काढली. टेप धरायची, मापं लिहून घ्यायची, साइझरचा, म्हणजे आकार अजमावायच्या नमुन्याच्या इम्प्लांटचा, डबा उघडून टेबलावर मांडायचा आणि बाई आरशासमोर उभी राहिली की दार लावून शेजारी थांबायचं, हे माझं काम. पहिली पाच मिनिटं सगळ्या आकड्याबद्दलच बोलतात. मग साइझर ब्रात सरकवतात, वरून टी-शर्ट चढवतात, बाजूने वळून बघतात आणि गप्प होतात. त्यानंतर जे बोलणं होतं त्यात सीसी हा शब्द क्वचितच येतो. ‘बापरे, ही तर माझी मावशी,’ असं एकजण म्हणाली होती. तिने डाव्या हाताला ठेवलेला दोन नंबर कमीचा साइझर स्वतःच उचलला.

तू आता स्वयंपाकघरात जा आणि मापाचा मोठा चमचा घे, टेबलस्पून म्हणतात तो. त्यात १५ मिलिलिटर मावतं, आणि मिलिलिटर म्हणजेच सीसी. ३०० आणि ३२५ मधला फरक दोन चमचेसुद्धा भरत नाही. तेवढं पाणी एका बशीत ओतून बघ. मग विचार कर, ते तुझ्या छातीच्या एवढ्या पसाऱ्यावर, कातडी आणि स्नायूच्या आत गेल्यावर कुणाला कळणार आहे? २७५ आणि ३२५ मध्ये सव्वातीन चमच्यांचा फरक. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर दिसतो, अंगावर दिसतोही आणि नाहीही. रात्री दोनपर्यंत तू जागतेस ती या सव्वातीन चमच्यांसाठी.

तुझ्या पत्रातला खरा महत्त्वाचा आकडा तू ओझरता लिहून पुढे निघून गेलीस. ११.५.

ते माप कॅलिपरने घेतात. दोन टोकांचं साधन असतं, एक टोक छातीच्या मधल्या हाडाकडच्या कडेला टेकवायचं, दुसरं काखेकडच्या. स्तन जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो त्यामधलं सरळ अंतर. इम्प्लांटच्या बुडाची रुंदी साधारण या मापाच्या आत राहायला हवी, कारण त्याच्यावर पांघरूण येणार ते तुझंच. तुझी कातडी, तुझी थोडीफार चरबी, बाळाला पाजून राहिलेली ग्रंथी. दुधाचे दिवस संपल्यावर ते पांघरूण पातळ झालंय आणि तू मुळात ५१ किलोची. गादी पांघरुणापेक्षा मोठी झाली तर कडा उघड्या पडतात.

आता गंमत अशी की सीसी हे फक्त घनफळ आहे, त्यावरून आकार कळत नाही. तेवढंच पाणी पसरट ताटलीत ओत आणि तेवढंच उभ्या पेल्यात ओत. इम्प्लांटचंही तसंच. एकच ३०० सीसी कंपन्या वेगवेगळ्या प्रोफाइलमध्ये बनवतात. लो प्रोफाइल म्हणजे बूड रुंद आणि पुढचा उठाव कमी, हाय प्रोफाइल म्हणजे बूड अरुंद आणि उठाव जास्त, मॉडरेट मधलं. त्यामुळे ‘मी ३०० घेतलं’ हे वाक्य ‘मी सात नंबरचं घेतलं’ म्हटल्यासारखं आहे. चप्पल की बूट ते कळायला हवं ना. डॉक्टरांनी तुला सीसीबरोबर रुंदी आणि प्रोफाइल सांगितली नसेल तर फोन करून विचार, त्यांच्या कागदावर ती नक्की लिहिलेली असणार.

मग ११.५ च्या छातीत ४०० कसं घालायचं? दोनच वाटा. एक, बूड रुंद असलेलं घालायचं. ते तुझ्या स्तनाच्या हद्दीबाहेर जाणार. काखेकडे गेलं तर हात खाली सोडल्यावर दंडाला घासतं; हाडाकडे सरकलं तर मधली जागा संपते, आणि फारच ओढाताण झाली तर इम्प्लांटसाठी आत केलेले दोन्ही बाजूंचे खिसे मध्यावर एक होतात. हे नंतर दुरुस्त करणं सर्जनलाही नको वाटतं इतकं अवघड असतं. दुसरी वाट, अरुंद पण खूप उठावाचं घालायचं. ते हद्दीत राहील, पण अर्ध्या चेंडूसारखं पुढे येईल, वरच्या बाजूला ठळक गोल कड दिसेल आणि आतून तुझ्या ग्रंथीवर, कातडीवर सतत दाब देत राहील. काहींना तो गोल, भरगच्च आकारच आवडतो, त्याला माझी ना नाही. तुझ्या पत्रात मात्र मला त्याची हौस कुठे दिसली नाही. तू ‘रिकामी झाली’ लिहिलंस. रिकामं झालेलं भरायचं आणि नवं काही बांधायचं, या दोन वेगळ्या मागण्या आहेत. तुझी पहिली आहे असं मी धरून चालते.

रुंदीखेरीज तुझ्या डॉक्टरांनी आणखी दोन-तीन गोष्टी केल्या असतील, तुझ्या लक्षातही आल्या नसतील. निपलभोवतीची कातडी चिमटीत धरून पुढे ओढून बघितली असेल, किती सैल आहे ते. सैल असेल तर आत थोडं जास्त मावतं, घट्ट असेल तर कमी. स्तनाच्या वरच्या भागाची चिमटी घेतली असेल. ती चिमटी २ सेंटीमीटरपेक्षा कमी भरली तर इम्प्लांट स्नायूखाली ठेवणं बरं, असा ढोबळ नियम आहे, नाहीतर वरची कड दिसते. आणि निपलपासून स्तनाखालच्या घडीपर्यंत कातडी ताणून टेप लावली असेल. १९६२ मध्ये ह्यूस्टनला थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो यांनी पहिलं सिलिकॉन इम्प्लांट बसवलं, त्यानंतर बराच काळ आकार ठरायचा तो सर्जनच्या नजरेने आणि बाईच्या इच्छेने. जॉन टेबेट्स आणि विल्यम अ‍ॅडम्स या सर्जननी २००५ मध्ये पाच मापांवरून पाच निर्णय घेण्याची पद्धत मांडली आणि ‘आधी माप, मग मागणी’ हा क्रम पुष्कळ ठिकाणी रुळला. तुझ्या डॉक्टरबाई त्या वळणाच्या दिसतात. ‘त्यापुढे मी जाणार नाही’ असं तोंडावर सांगणारा सर्जन मिळणं ही तक्रार करायची गोष्ट नाही गं.

आणि ते दुसरे डॉक्टर, ‘तुम्ही म्हणाल तो आकडा घालू’ म्हणणारे? त्यांनी तुझी रुंदी मोजली होती का? तू तसं काही लिहिलेलं नाहीस. मोजली नसेल तर तिथे परत जाऊ नकोस.

मैत्रिणीचं म्हणणं अगदीच खोटं नाही हेही सांगायला हवं. ‘अजून थोडं मोठं चाललं असतं’ हे वाक्य मी फॉलो-अपला कितीदा ऐकलंय. त्याला कारणं आहेत. ऑपरेशननंतर सूज असते, तेव्हा सगळं मोठं दिसतं. सूज उतरली की कमी झाल्यासारखं वाटतं. शिवाय डोळा सरावतो, आपलंच आपल्याला नवं वाटेनासं होतं. पण दुसऱ्या बाजूची बाई फॉलो-अपच्या रांगेत लवकर दिसत नाही, ती काही वर्षांनी येते.

अशी एक चांगली लक्षात आहे. बांधा तुझ्यासारखाच, अरुंद छाती. दुसरीकडे ४५० बसवून घेतले होते आणि पहिली काही वर्षं ती खूश होती. सात वर्षांनी आमच्याकडे आली. कपड्यांवरून काही कळत नव्हतं. तपासताना मी शेजारी उभी होते. खालच्या भागाची कातडी इतकी पातळ झालेली की बोटाला इम्प्लांटची कड लागत होती. पुढे वाकली की बाजूला बारीक लाटा उमटायच्या. इम्प्लांट घडीच्या खाली घसरलेलं, त्यामुळे निपल वर तोंड करून बसलेलं. तिला फक्त ‘लहान करून द्या’ एवढंच हवं होतं, आणि डॉक्टर तिला समजावत होते की ताणलेली कातडी लहान इम्प्लांटवर आपोआप आवळत नाही, ती कापून उचलावी लागेल, नवे व्रण येतील, खिसा आतून शिवावा लागेल. ती ऐकत होती आणि एकीकडे गाऊनची नाडी गुंडाळत, सोडत होती.

मोठं घ्यायला हवं होतं, हे वाटतं सहाव्या महिन्यात. एवढं मोठं नको होतं, हे कळतं सातव्या-आठव्या वर्षी. तुझ्या मैत्रिणीचं तिसरं चालू आहे. तिचं सगळं छान राहो, तिची छातीही कदाचित तुझ्याहून रुंद असेल, पण तिचा अनुभव तुझ्या मापाला लागू नाही.

फोटोंचंही हेच. एकीचे ३०० छान आणि दुसरीचे काहीच नाहीत, कारण तू पाहतेस ते नुसते ३०० नसतातच. तिचं स्वतःचं जे होतं ते अधिक ३००. शिवाय खांदे किती रुंद, बरगड्यांचा पिंजरा कसा, उंची किती, फोटो काढणारा किती लांब उभा. यापुढे फोटो बघायचेच असतील तर एक कर. ‘नंतर’वर हात ठेव आणि फक्त ‘आधी’ बघ. तुझ्यासारखी ‘आधी’ दिसली तरच हात काढ. पन्नासातले तीन-चार उरतील. ते डॉक्टरांना दाखव, त्यांतला एखादा ‘हे नको’ म्हणूनही दाखव. माझ्या अनुभवात ‘नको’चा फोटो ‘हवं’च्या फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडतो. ‘नैसर्गिक’ या शब्दाचा अर्थ प्रत्येकीचा वेगळा, सर्जनचा त्याहून वेगळा. फोटोवर बोट ठेवलं की वाद उरत नाही.

‘फुल सी’चं सांगते. कपाच्या अक्षराला स्वतःचं असं माप नसतं, ते छातीच्या घेराबरोबर बदलतं. ३२ डी, ३४ सी आणि ३६ बी, या तिन्ही ब्रांच्या कपात जवळपास सारखंच मावतं. वर कंपनीगणिक फरक. एकाच दिवशी दोन ब्रँडच्या ब्रा घालून बघ, एकीत तू सी असशील, दुसरीत डी. डॉक्टरांनी वचन दिलं नाही ते म्हणूनच. तू अक्षर बाजूला ठेवून त्यांना असं सांग: पाजण्याच्या आधी माझी होती तशी, किंवा त्याहून जराशी जास्त. तेव्हाचा एखादा साधा टी-शर्टमधला फोटो असेल तर तो घेऊन जा. दहा परक्या बायकांपेक्षा तो एक पुरेल.

आता घरी करायचा प्रयोग. क्लिनिकमधले साइझर उत्तमच, पण तिथे पंधरा मिनिटं मिळतात. घरी तुला अख्खा दिवस मिळेल. मिलिलिटरच्या खुणा असलेलं मापाचं भांडं घे, कोरडे तांदूळ २७५ च्या खुणेपर्यंत भर आणि पातळ नायलॉनच्या मोज्यात ओतून गाठ मार. गाठीजवळ थोडी जागा सैल सोड, टच्च भरलास तर दगड होईल. असे दोन. मग ३२५ चे दोन. पॅड नसलेली, जरा ताणणारी ब्रा घाल, ती पिशवी हाताने चपटी करून स्तनाच्या मधोमध ठेव, वर तुझा रोजचा टी-शर्ट. एक दिवस २७५, एक दिवस ३२५. काम कर, मुलीला उचल, जिने चढ-उतर कर, लिहायला बस. आरशात थोडा वेळच बघ; बाकी वेळ अंगाला काय वाटतं त्याकडे लक्ष दे. संध्याकाळी पिशव्या काढताना सुटल्यासारखं वाटलं, की काढवत नव्हत्या? तेही लिहून ठेव.

दोन गोष्टी ध्यानात धर. बाहेर ठेवलेली पिशवी तुझ्या स्तनाला वरून ढकलते, खरं इम्प्लांट आत, बहुधा स्नायूखाली, दाबून पसरतं. म्हणून बाहेरचं आतल्यापेक्षा किंचित जास्त वाटतं, तंतोतंत तसंच दिसेल असं धरू नकोस. दुसरं म्हणजे वजन. ३०० मिलिलिटर तांदूळ अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरतील. सिलिकॉनचं ३०० सीसीचं इम्प्लांट जवळजवळ ३०० ग्रॅमचं असतं. वजनाचा अंदाज हवा असेल तर झिपच्या पिशवीत तेवढं पाणी भरून, दुसऱ्या पिशवीत घालून, तासभर बाळग. ३०० चे दोन म्हणजे ६०० ग्रॅम. ४०० चे दोन म्हणजे ८००. रोज पाच-सहा किलोमीटर पळणाऱ्या बाईने हा हिशेब स्वतःच करावा, मला सांगायची गरज नाही.

आणि म्हणूनच, दोन्ही दिवस सारखेच गेले तर मी तुला खालच्या बाजूला झुकायला सांगेन. तू पळतेस, अंगाने बारीक आहेस, पांघरूण पातळ आहे. कातडी ओढून बघितली तेव्हा ती खूप सैल निघाली असं डॉक्टर म्हणाल्या, तर मात्र माझं म्हणणं बाजूला ठेव. सैल पिशवीत कमी भरलं तर वरचा भाग पुन्हा रिकामाच दिसतो, आणि तुझी तक्रार तर तीच आहे. तेव्हा ३२५ कडे जाण्यात अर्थ आहे. हे त्या एका मापावरून ठरेल, ते तुझ्या डॉक्टरांकडे आहे आणि माझ्याकडे नाही.

खरं तर शेवटचा आकडा बऱ्याचदा ऑपरेशनच्या टेबलावरच ठरतो. खिसा तयार झाला की सर्जन आत तात्पुरता साइझर घालतात, टेबलाची पाठ वर करून भूल दिलेल्या पेशंटला बसतं करतात आणि पायाशी उभं राहून बघतात. डाव्या-उजव्यात फरक असेल, आणि थोडाफार तो प्रत्येकीत असतोच, तर दोन बाजूंना दोन वेगळे आकारही घालतात. म्हणून आकडा देऊ नकोस, पट्टा दे आणि कल सांग. ‘२७५ ते ३२५, शंका आली तर लहान.’ किंवा ‘शंका आली तर मोठं.’ कागदावर लिहून त्यांच्या फाइलला लावायला सांग. तुमच्याकडे साइझर घालून, बसवून बघतात का, हेही विचार. काही सर्जन आधीच्या मापांवरच काम करतात आणि तेही चांगलं करतात, पण मग त्यांना तुझा पट्टा अरुंद करून हवा असेल.

स्नायूखाली ठेवणार असतील तर आणखी एक विचारून घे. छातीचा स्नायू आवळला की इम्प्लांट हलताना दिसतं, कुणाचं कमी, कुणाचं जास्त. पळताना फारसं नाही, पण पुश-अप्स करत असशील तर जाणवेल. आणि पळणं किती आठवडे बंद, ते नेमकं विचार; साधारण सहा आठवडे सांगतात, आणि तुझ्यासारख्या चौथ्या आठवड्यातच बूट बांधतात. मूल आणखी हवं असेल तर तेही आत्ताच बोल. गरोदरपणात आणि पाजताना स्तन पुन्हा फुगून उतरतो, आज बसवलेलं गणित तेव्हा हलतं. पाजता बहुतेकींना येतं, सगळ्यांना पूर्ण येईलच असं नाही; निपलच्या कडेने छेद घेण्यापेक्षा खालच्या घडीतून घेतला तर दुधाच्या नळ्यांना धक्का कमी.

हे आयुष्यभराचं साधन नाही, हेही कुणी तुला सरळ शब्दांत सांगितलंय का? औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये प्रत्येक इम्प्लांटबरोबर ठळक इशारा आणि ऑपरेशनपूर्वी वाचून सही करायची यादी सक्तीची केली, त्यात हे पहिल्याच ओळींत आहे. सिलिकॉनचं फुटलं तर बाहेरून कळत नाही, म्हणून पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि मग दर दोन-तीन वर्षांनी, असा त्यांचा सल्ला आहे. मॅमोग्राफीला जाशील तेव्हा आधीच सांगायचं, तिथे वेगळ्या पद्धतीने जादा फोटो घेतात. म्हणजे कधीतरी दुसरं ऑपरेशन होणार हे धरूनच चालायचं. आज कातडी जितकी कमी ताणलीस तितकं त्या दुसऱ्या सर्जनला हाताशी काही उरेल. तुझ्या ४०० च्या विरोधातलं माझं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

नवऱ्याच्या प्रश्नाचं काय करायचं? काही नाही. लक्षात येईल की नाही, हे तू काय घालतेस त्यावर आहे. तुझ्या पट्ट्यातलं काहीही सैल शर्टाखाली कुणाला कळणार नाही, आणि कळावं असं एखाद्या दिवशी तुला वाटलं तर तसेही कपडे मिळतात. तांदळाच्या पिशव्या घालून त्याच्यासमोर चहा पी आणि त्याला काही न सांगता बघ, त्याच्या तरी लक्षात येतंय का. आमच्या एका पेशंटच्या नवऱ्याच्या तीन तासांत आलं नव्हतं.

तारीख हलवायची वाटली तर हलव. साडेतीन आठवडे पुरेसे आहेत असं मला वाटतं, पण पिशव्यांचे दोन दिवस झाल्यावरही तू रात्री फोटोच बघत असशील तर डॉक्टरांना फोन करून महिनाभर पुढे ढकल. त्या रागावणार नाहीत. घाईत आलेली पेशंट कुठल्याच सर्जनला नको असते.

आणि ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात माझ्याकडे पत्र पाठवू नकोस, कारण तू काय लिहिणार ते मला आत्ताच माहीत आहे. वर चढलेत, कडक आहेत, चकाकतात, चौकोनी दिसतात, डावं वेगळं आणि उजवं वेगळं. तिसऱ्या आठवड्यात एकजण आमच्या ओपीडीत टेबलावर बसून रडली होती, ‘हे काय करून बसले मी.’ तिला आम्ही फक्त तारीख लिहून दिली होती, तीन महिन्यांनंतरची. त्या तारखेला ती आली तेव्हा स्नायू सैलावला होता, इम्प्लांट खाली आपल्या जागी बसलं होतं, आणि आकार काय होता ते आम्ही विचारूनही तिला आठवलं नाही. साधारण तीन ते सहा महिने लागतात. त्याआधी आकाराबद्दल मत बनवायचं नाही, आणि मैत्रिणीला दाखवायचं तर अजिबात नाही.

तुझ्या ता. क.चं उत्तर: नको. एकही विकत घेऊ नकोस. क्लिनिकमधून देतील ती किंवा पुढून उघडणारी, तार नसलेली मऊ ब्रा दोन पुरतील, एक धुवायला एक अंगावर. पुढून उघडणारी अशासाठी की सुरुवातीला हात डोक्यावर नेता येणार नाहीत. बाकीच्या सहा महिन्यांनी, दुकानात माप घेऊन. तेव्हा लेबलवर कुठलं अक्षर निघालं ते मात्र मला कळव, मला उगीच उत्सुकता आहे.

– ताई